पान सातवर काय छापलंत, संपादक साहेब?

संपादक साहेब,

हे पत्र मी आधी तुमच्याच दैनिकाकडे पाठवलं होतं. वाचकांच्या पत्रांसाठी तुम्ही जी जागा ठेवता, तिथे ते आलं नाही. त्या जागेवर एका माजी उपनगराध्यक्षांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. म्हणून आता उघड लिहिते आहे. तुम्ही वाचा, गावही वाचेल.

नगरपालिकेच्या शाळेमागचं मैदान कागदावर गेलं, हे तुम्हाला माहीत आहे. गावाला ते आत्ता कळतंय. तिथे अजून पोरं क्रिकेट खेळतात, पहाटे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावतात, चिंचेखाली म्हातारी माणसं बसतात. पालिकेच्या विकास आराखड्यात, म्हणजे डी.पी.मध्ये, त्या जागेवर क्रीडांगणाचं आरक्षण आहे. ते उठवून तिथे दुकानगाळे बांधायचा ठराव झाला. ठराव झाला तेव्हा पालिकेत एकही नगरसेवक नव्हता. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांसारखी आपलीही जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या हाती होती. सभागृह बंद, प्रश्न विचारणारा कुणी नाही, विषयपत्रिका कुणाला मिळत नाही. अशा काळात गावाला पालिकेत काय चाललंय ते कळण्याची एकच वाट उरली होती. ती वाट म्हणजे तुमचं दैनिक.

माहिती अधिकारात मी त्या ठरावाची फाईल मागवली. त्यात तुमच्या अंकाचं कात्रण लावलेलं आहे. पान सात, खालचा उजवा कोपरा. वर मोटारींच्या शोरूमची जाहिरात, शेजारी दोन हरवलेल्या गुणपत्रिकांच्या नोटिसा आणि त्यांच्या मध्ये आरक्षण बदलण्याची जाहीर सूचना. सि.स.नं., हिस्सा नंबर, क्षेत्रफळ आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चं कलम 37. शाळा हा शब्द नाही, मैदान हा शब्द नाही, गाळे हा शब्द नाही. सूचनेचा मसुदा पालिकेचा असतो, तुमचा नाही, हे मला कळतं. पण त्याच दिवशीचं तुमचं पान एक मी वाचनालयातून काढून पाहिलं. तिथे चार कॉलम रुंदीची बातमी होती: एका कार्यसम्राटांनी देवळाला घंटा दिली. गावाचं मैदान जातंय ही बातमी तुमच्या छापखान्यात, तुमच्या टेबलावर, पैसे भरलेल्या नोटिशीच्या रूपात येऊन पडली होती. ती वाचून साध्या मराठीत सांगायला तुमच्या माणसाला अर्धा तास लागला असता.

कात्रणाच्या मागच्या पानावर पालिकेचा शेरा आहे: विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त नाही.

या एका ओळीने माझी झोप उडाली. हरकत घ्यायला कायद्याने एक महिना दिलेला असतो. त्या महिन्यात एवढ्या मोठ्या गावातून एकही अर्ज आला नाही. त्याचा अर्थ सरकारी फाईलमध्ये असा होतो की गावाला हे मान्य आहे. कायदा असं धरून चालतो की स्थानिक वर्तमानपत्रात छापलं म्हणजे गावाला कळलं. हा कायद्याचा तुमच्यावरचा विश्वास आहे, संपादक साहेब. गावाचा तो उरलेला नाही. लोकांनी तुमचा अंक वाचणं सोडून दिलंय. चहाच्या टपरीवर तो भजी बांधायला येतो, सलूनमध्ये राशिभविष्याचं पान तेवढं उघडलेलं असतं. गाव वाचत नाही आणि कायदा समजतो की गाव वाचतं. या मधल्या फटीतून मैदान गेलं. उद्या याच फटीतून बाजारतळ जाईल, घरपट्टीची वाढ येईल, मतदार याद्यांवरच्या हरकतींची मुदत निघून जाईल. ज्यांना हे हवं आहे त्यांना तुमचा अंक खपलेला नको असतो, छापलेला हवा असतो. पालिकेच्या नोटिसा तुमच्याकडे का येतात, हे एकदा स्वतःला विचारा.

लोकांनी वाचणं का सोडलं तेही सांगते. ते मोबाइलमुळे झालं, असं तुम्ही दर सत्कारात सांगता. मोबाइल सगळ्या गावांत आले, तरी काही गावांत आजही सकाळी अंकाची वाट पाहतात. आपल्या गावात ते निवडणुकांमुळे झालं, आणि ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

2 डिसेंबर 2025 ला नगरपालिकेसाठी मतदान झालं. त्याआधीचे तुमचे अंक माझ्यासमोर आहेत. एकाच दिवशी, एकाच प्रभागातल्या एका उमेदवाराची पान तीनवर प्रचारात आघाडी आहे आणि त्याच्याच विरोधकाची पान पाचवर विजयाकडे घोडदौड आहे. दोन्ही मजकुरांना बातमीदाराचं नाव नाही. दोन्हींखाली जाहिरात असं लिहिलेलं नाही. गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे की याला पॅकेज म्हणतात: परिचय एकदा, पदयात्रेचा फोटो रोज, महिलांच्या प्रतिसादाची चौकट आठवड्यातून दोनदा, शेवटच्या दिवशी मोठी मुलाखत. ज्या अपक्ष बाईंनी पॅकेज घेतलं नाही, त्यांचं नाव तुमच्या अंकात एकदाच आलं, उमेदवारांच्या यादीत. मतमोजणी 3 डिसेंबरला व्हायची होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने ती 21 डिसेंबरपर्यंत पुढे गेली. यंत्रं कुलपात होती त्या दिवसांत तुमचा माणूस दोन्ही गटांच्या कार्यालयांत जाऊन विजयाच्या पानांचं बुकिंग घेत फिरत होता. हे मला दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी सांगितलं. त्यातले काही माझेच विद्यार्थी आहेत.

आपली नगरपालिका ब वर्गातली. नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 11 लाख 25 हजार रुपये, नगरसेवकपदाला साडेतीन लाख. बातमीच्या वेषात छापलेली जाहिरात या हिशेबात कुठेच येत नाही. म्हणजे ज्याच्याकडे जास्त पैसा आहे त्याला मर्यादा ओलांडायची चोरवाट तुम्ही करून देता, आणि जो कायद्याने वागतो तो तुमच्या अंकातून नाहीसा होतो. मैदानाचा विषय त्या संपूर्ण प्रचारात एकदाही तुमच्या पानांवर आला नाही. दोन्ही पॅनेलांना तो नको होता. अपक्ष बाई त्याच विषयावर दारोदार फिरत होत्या.

हे तुम्ही एकट्याने सुरू केलेलं नाही, हे मला माहीत आहे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत तीन मोठ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याच्या स्तुतीचा मजकूर शब्दशः सारखा आला होता, वेगवेगळ्या नावांनी. पी. साईनाथ यांनी ते पुराव्यानिशी उघड केलं. मग प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी वर्तमानपत्रांची नावं घेऊन 71 पानांचा अहवाल लिहिला. कौन्सिलने 2010 मध्ये त्याचा आटोपशीर गोषवारा काढला आणि नावं मागे ठेवली. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना पैसे देऊन छापून घेतलेल्या मजकुराचा खर्च दडवल्याबद्दल निवडणूक आयोगाने 2011 मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. देणाऱ्याची आमदारकी गेली. घेणाऱ्यांची मशीनं दुसऱ्या दिवशीही चालू होती, कारण प्रेस कौन्सिलच्या 1978 च्या कायद्यात कलम 14 खाली कौन्सिलला फक्त ताकीद देता येते, समज देता येते, ठपका ठेवता येतो. दंड नाही, बंदी नाही. तुम्ही निर्धास्त का आहात ते मला या कलमात दिसतं. तुम्हाला जाब विचारण्याची जागा कायद्यात फार थोडी आहे. म्हणून गावाने तो विचारायला हवा, आणि मी विचारते आहे.

या सगळ्याहून मोठं नुकसान गेल्या पावसाळ्यात झालं. ते विसरता येणार नाही, आणि तुम्हालाही विसरू देणार नाही.

टाकीच्या पाण्यात जंतू मारणारी टीसीएल पावडर पडत नव्हती. खालच्या आळीत उलट्या-जुलाबाचे रुग्ण निघाले, आरोग्य विभागाने पाण्याचे नमुने घेतले, ते पिण्यास अयोग्य निघाले. ही बातमी तुम्ही छापलीत. पान एकवर, ठळक, पाणी उकळून प्या असं सांगत. बातमी खरी होती. तुमच्या वार्ताहराने प्रयोगशाळेचा कागद स्वतः पाहिला होता. त्याच पानाच्या तळाला जारचं पाणी विकणाऱ्याची जाहिरात होती, आणि तो जारवाला कुणाच्या गटाचा ते गावाला माहीत आहे. माझ्या शेजारच्या वहिनींनी अंक हातात घेतला, वरची बातमी पाहिली, खालची जाहिरात पाहिली आणि म्हणाल्या, ‘बाई, जारवाल्याने किती दिले असतील हो?’ त्यांनी पाणी उकळलं नाही. त्यांच्या गल्लीत कुणीच उकळलं नाही. त्यांचा नातू चार दिवस उपजिल्हा रुग्णालयात सलाइनवर होता.

तुम्ही खोटं छापता आणि लोक फसतात, असं माझं म्हणणं नाही. गाव आता फसत नाही. तुम्ही खरं छापलं तरी ते खरं वाटत नाही, इथवर तुम्ही गावाला आणून ठेवलंय. पॅकेजमध्ये तुम्ही जागा विकलीत असं तुम्हाला वाटतं. तुम्ही विकलीत ती गावाची ऐकून घेण्याची तयारी. आजारी पोराच्या उशाशी बसलेल्या त्या वहिनी आता कुणाचंच ऐकत नाहीत: दवंडी आली तरी नाही, आशाताई आल्या तरी नाही. सगळे विकले गेलेले आहेत, असं एकदा ठरलं की मग व्हॉट्सॲपवर आलेलं काहीही खरं वाटायला लागतं, कारण तिथे निदान पैसे कुणी घेतले ते दिसत नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री एका उमेदवाराच्या धर्माबद्दल खोटी चित्रफीत फिरली. ती खोटी आहे हे सांगायला गावात कुणाचा शब्द चालला नाही. तुमचा चालायला हवा होता. त्यासाठीच तर गावात वर्तमानपत्र असतं.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. कागद महागला, वितरणाला मुलं मिळत नाहीत, शासनाच्या यादीवरच्या जाहिरातींची बिलं वर्षानुवर्षं अडकतात, ठेकेदारांच्या जाहिरातीवर अंक निघतो. हे सगळं खरं आहे. लहान वर्तमानपत्र चालवणं हे मरणाचं काम आहे, आणि त्यासाठी सरकारने आणि वाचकांनी दोघांनी लाज वाटून घ्यावी. घरपोच अंकासाठी महिन्याचे पैसे द्यायला गावातले बंगलेवालेही कुरकुरतात, हे मी पाहिलेलं आहे. पण गरिबीत काढलेलं वर्तमानपत्र विकावंच लागतं, हे मला पटवून देऊ नका. मुकुंदराव पाटलांनी 1910 मध्ये 'दीनमित्र' सुरू केलं आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालवलं. सावकार, भट-भिक्षुक, गावगाडा यांच्याविरुद्ध खेड्यातच बसून लिहायचं आणि त्याच खेड्यात उद्या सकाळी रस्त्यावरून चालायचं, याला काय लागतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं. दरवर्षी 6 जानेवारीला 'दर्पण'चा दिवस म्हणून तुम्ही बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालता. यंदा त्या कार्यक्रमाचा मंडप त्याच बिल्डरने दिला होता ज्याला मैदानावर गाळे बांधायचे आहेत. मंडपाच्या कनातीवर त्याचं नाव होतं, सगळ्यांनी वाचलं.

आणि शशिकांत वारिशेंचं काय करायचं? ते राजापूरचे, तुमच्यासारख्याच छोट्या दैनिकाचे पत्रकार. 6 फेब्रुवारी 2023 ला त्यांची बातमी छापून आली: तिथल्या नियोजित रिफायनरीच्या बाजूने उभ्या असलेल्या एका माणसावरचे गुन्हे, आणि त्याचे बड्या नेत्यांसोबतचे फोटो. त्याच दिवशी राजापुरात त्यांच्या दुचाकीला गाडीने चिरडलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं त्यालाच त्या प्रकरणात अटक झाली. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्याने 2017 मध्ये वेगळा कायदा केलेला आहे, तो त्यांना वाचवू शकला नाही. तुम्ही त्यांच्यासारखे व्हा असं मी कधीच म्हणणार नाही. कुणाच्याही नवऱ्याने, मुलाने बातमीसाठी मरू नये. पण त्यांच्या मरणानंतर तुम्ही काळी फीत लावून तहसीलदारांना निवेदन दिलंत, फोटो छापलात, आणि त्याच आठवड्यात तुमच्या वार्ताहराची नाल्याच्या कामाची बातमी अडवलीत.

त्या मुलाचं नाव मी लिहीत नाही, त्याला अजून याच गावात राहायचंय. मी त्याला सातवीत शिकवलंय. त्याला तुम्ही पगार देत नव्हतात. ओळखपत्र दिलं होतंत आणि जाहिरात आणली तर कमिशन देत होतात. ज्याच्या कामावर बातमी करायची त्याच्याकडेच दिवाळीला जाहिरात मागायला पाठवत होतात. तरीही त्याने नाल्याचं मोजमाप स्वतः टेप लावून घेतलं, अंदाजपत्रकाची प्रत मिळवली, दोन्हींतला फरक लिहून आणला. तुम्ही ती बातमी ड्रॉवरमध्ये ठेवलीत आणि पुढच्या महिन्यात त्या ठेकेदाराची पानभर जाहिरात आली. मुलगा आता तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात कामाला जातो. गावात खरी बातमी आणणारा एक माणूस होता. तो तुम्ही घालवलात.

आता तुमच्याकडून काय हवंय ते सांगते.

फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन, नमुना 4, छापण्याची रीत 1956 च्या नियमांनी घालून दिलेली होती. त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल ज्यांचं आहे त्या सगळ्यांची नावं द्यायची असत. तुमच्या दैनिकात पैसा कुणाचा आहे याबद्दल गावात फार बोललं जातं. ते निवेदन मला त्या काळातल्या तुमच्या मार्चच्या अंकांतही सापडलं नाही. पहिल्या पानावर छापा, म्हणजे बोलणं थांबेल. ज्या मजकुराचे पैसे घेतले त्याच्या डोक्यावर जाहिरात असं लिहा, मोठ्या अक्षरात. निवडणूक संपली तरी मागचे अंक आहेत. कोणत्या मजकुराचे पैसे घेतले होते त्याची यादी छापायला आजही उशीर झालेला नाही. पालिकेची कुठलीही जाहीर सूचना आली की तिच्याखाली चार ओळी साध्या मराठीत लिहा: जागा कुठली, काय होणार, हरकत कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत. एवढं केलंत तर वहिनी पुन्हा अंक घेतील की नाही, मी सांगू शकत नाही. विश्वास तुम्ही किती वर्षांत घालवलात ते पाहता, परत यायला तेवढी वर्षं तरी लागतील.

मैदानाची फाईल अजून मंत्रालयात नगरविकास विभागाकडे आहे. शासनाची मंजुरी झालेली नाही. ठराव स्थगित करावा म्हणून नगरपालिका अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि सूचना गावाला कळेल अशा भाषेत पुन्हा काढावी म्हणून नगरविकास विभागाकडे, असे दोन अर्ज आम्ही तयार केलेत. त्यावर सह्या घेण्याचं काम शाळेच्या फाटकाशी रविवारी सकाळी 8 ते 11 चालतं. पोलीस भरतीच्या मुलींनी पहिल्या सह्या केल्या. पालक येतायत, निवडून आलेल्यांपैकी दोन नगरसेवकही येऊन गेले.

दोन्ही अर्जांची प्रत या पत्रासोबत तुमच्या कार्यालयात पोचती केली आहे आणि पोच घेतली आहे. ती बातमी म्हणून छापा, बातमीदाराच्या नावासह, रविवारच्या आधी. वेळ आणि ठिकाण वर दिलेलंच आहे.

— नगरपालिका शाळेतली एक निवृत्त शिक्षिका